वेळ अमावास्येची सुट्टी नेमकी कुणाला?

मार्गशीर्ष संपत आला की धाराशिव जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांचा एकच प्रश्न असतो, 'येळवस कधी हाय?' त्या दिवशी शाळेला स्थानिक सुट्टी, दप्तर घरात आणि दिवसभर शेतात हुंदडणे. आईला पडणारे प्रश्न निराळे. तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, मेथी, चुका, चिंच हे सगळे आधी आणून कोण देणार आणि निवडायला कोण बसणार?

वेळ अमावास्या, बोलीत येळवस किंवा येळामावस, हा धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांचा खास सण. खरे तर १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर वेगळे निघेपर्यंत हा एकच उस्मानाबाद जिल्हा होता. सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गीकडेही त्याच दिवशी लोक शेतात जेवतात. तिकडे तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. 'येळ' म्हणजे सात, असाही अर्थ इकडे सांगितला जातो, आणि ज्येष्ठापासून मोजले तर ही अमावास्या सातवीच येते.

शेतात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी बांधतात. आत पाच दगड मांडून पांडव म्हणून त्यांची आणि त्यांच्यासोबत काळ्या आईची पूजा होते. रब्बीची ज्वारी तोवर वाढलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागतात, गहू हिरवागार असतो. पीक हाती येण्याआधी शेतातच बसून जेवायचे, शेजाऱ्या-पाजाऱ्यांना, शेत नसलेल्यांनाही बोलवायचे. बांधावरून चाललेल्या अनोळखी माणसालाही हाक मारून पानावर बसवतात. शहरात दुकाने बंद, रस्ते ओस. 'अघोषित संचारबंदी' हा मथळा त्यामुळे दरवर्षी ठरलेलाच.

<b>भज्जीचा हिशेब</b>

या पंगतीचा जीव म्हणजे भज्जी. नावावरून कांदाभजी समजू नये. तूर, वाटाणा, ओला हरभरा, वालाचे दाणे, शेंगदाणे, मेथी, पालक, चुका, गाजर, वांगे, बोरे, हिरवी मिरची असे जे रानात आणि बाजारात असेल ते शिजवायचे आणि चिंचेचा कोळ घालून बेसनाने घट्ट करायचे. प्रत्येक घराची यादी थोडी वेगळी. आपल्याच घरची खरी, याबद्दल मात्र सगळ्यांचे एकमत असते.

जोडीला बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, धपाटे, तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर, भात. आणि आंबील. ज्वारीचे पीठ शिजवून त्यात ताक, लसूण, जिरे घालायचे आणि ते रात्रभर आंबू द्यायचे. म्हणजे आंबिलाचे काम आदल्या दिवशीच उरकावे लागते. पोळ्यांचे कूटही आदल्या दिवशीच. भाज्या त्याआधी. एका दिवसाचा सण, पण स्वयंपाकघरात तो दोन-तीन दिवस चालतो.

आदल्या संध्याकाळी मुलांना शेंगा सोलायला बसवले तर निम्मे दाणे तोंडात जातात, म्हणून कामाला फारसा हातभार लागत नाही. धाकटे झोपले की खरे निवडणे सुरू होते. पहाटे तीन-चारला चूल पेटते. डिसेंबरची थंडी, हात पाण्यात. उंडे वाफवायला ठेवायचे, भाकऱ्या थापायच्या, मध्येच मुलांना उठवून अंघोळी घालायच्या, कानटोप्या शोधायच्या. मग आंबिलाचे मडके, भज्जीचे पातेले, पूजेचे ताट, पाण्याची घागर असे सगळे बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये किंवा चक्क मोटारसायकलवर. मडके हिंदकळू नये म्हणून ते बाईच्याच मांडीवर असते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या महिलांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटे. ही झाली साध्या दिवसाची सरासरी. येळवशीला पुरुष कोपी बांधतात, ओझी नेतात, पंगतीत वाढतात; तीही कामेच. पण ती बहुतेक उजाडल्यावर सुरू होतात.

<b>तारीख का हलते?</b>

चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्याने सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे सरकतो. २०२२ मध्ये वेळ अमावास्या २३ डिसेंबरला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे पुढची अमावास्या थेट ११ जानेवारी २०२४ ला गेली. त्यानंतरची ३० डिसेंबर २०२४ ला आणि नंतरची १९ डिसेंबर २०२५ ला आली.

आईच्या दृष्टीने हे नुसते पंचांग नाही. ११ जानेवारीला येळवस, १४ ला भोगी, १५ ला संक्रांत. भोगीची भाजी म्हणजे पुन्हा तेच हरभरे, वाल, वांगी, गाजर, आणि वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एकाच आठवड्यात दोनदा तेच सोलणे, दोनदा तिळाची खरेदी. सण डिसेंबरात आला तर ही धावपळ टळते, पण शाळांची स्नेहसंमेलने याच दिवसांत असतात. नाचाचा ड्रेस शिवून आणणे आणि चिंच भिजत घालणे एकाच संध्याकाळी.

सुट्टीचेही तसेच. स्थानिक सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. ती शाळांना आणि राज्य शासनाच्या जिल्ह्यातील कार्यालयांना मिळते, बँका आणि केंद्र सरकारच्या कार्यालयांना नाही. बँकेत नोकरीला असलेल्या आईला रजा टाकावी लागते. पुण्यात कंपनीत असलेल्या मुलालाही. तरी रात्रीच्या गाड्या भरून येतात.

सणाची मजा पिकावरही ठरते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत जिल्ह्यातल्या अनेक शेतांतली पिकेच नव्हे, तर माती वाहून गेली. त्यानंतरच्या डिसेंबरात भज्जीसाठी जे एरवी बांधावरून तोडून आणायचे, ते अनेक घरांना विकत घ्यावे लागले. ज्वारीखालचे क्षेत्रही वर्षानुवर्षे घटते आहे, सोयाबीन आणि हरभरा वाढला आहे. कोपीसाठी पाच पेंढ्या कडबा शेजाऱ्याकडे मागायला जावे लागणे आता नवे नाही.

जेवणानंतर मात्र तासभर निवांत मिळतो. मुले बोरीखाली, झोक्यावर, विहिरीकडे जाऊ नका असे दहादा सांगूनही विहिरीकडेच. बायका गोधडीवर आडव्या होतात. दिवस मावळताना पेंढीचा टेंभा पेटवून पिकाभोवती फिरवतात, अनेक ठिकाणी कोपीपुढे दूध उतू घालतात, आणि मंडळी घराकडे निघतात. भांड्यांचा ढीग सोबत असतोच. दुसऱ्या दिवशी शाळा असते. डब्याची चिंता तेवढी नसते, कारण पातेल्यात भज्जी उरलेली असते आणि ती मुरल्यावर जास्त चांगली लागते.