चाळीस मिनिटांचा एक दिवस

दुकान वाढवून रात्री घरी परतल्यावर मनाला विसावा मिळावा म्हणून आपण मोबाईलवर बासरी नाहीतर संतूर लावतो. वाजवणारा कोण, तबल्याच्या साथीला कोण, ध्वनिमुद्रण कोणत्या साली झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ताळेबंदात दोन रुपयांचा फरक आला तर मध्यरात्रीपर्यंत जागून तो शोधून काढणारी आपली माणसे या बाबतीत मात्र उदासीन असतात. ज्या सुरांनी दिवसभराचा शीण उतरवला, त्यांचे ऋण कोणाच्या खाती जमा करावे, हेच आपल्याला ठाऊक नसते.

अशाच एका ऋणाची ही हकिकत आहे. १९६७ साली एच. एम. व्ही. कंपनीने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नावाचा अल्बम प्रसिद्ध केला. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. पहिले तिघे तेव्हा जेमतेम तिशीच्या घरात होते. संतूर हे काश्मीरचे वाद्य. रागसंगीताच्या मैफलीत त्याला अजून पुरते स्थान मिळायचे होते. गिटार तर परदेशी. अशा वाद्यांवर भांडवल लावणे हे धाडसच होते. त्यामागे निर्माते म्हणून उभे होते गो. ना. ऊर्फ जी. एन. जोशी. वकिलीचे शिक्षण घेतलेला, नागपूरहून आलेला हा मराठी गृहस्थ स्वतः भावगीत गायक होता आणि पुढे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचा अधिकारी झाला. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात त्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत.

अल्बम म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटेच मावत. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयालाही अख्खा राग त्या तीन मिनिटांत आटोपता घ्यावा लागे. अशा अनेक तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात बांधून विकल्या जात, म्हणून त्या संचाला ‘अल्बम’ हे नाव पडले. १९४८ साली अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी आणली. तिच्या एकेका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. संच एका तबकडीत आला. नाव मात्र जुनेच राहिले.

या वाढीव अवकाशाचा उपयोग जोशी आणि त्यांच्या वादकांनी कसा केला, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी निरनिराळे राग नुसते एकापुढे एक मांडले नाहीत. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा एक दिवस सांगितला. पहाटेला अहिर भैरव व नट भैरव, पुढे पिलू, सायंकाळी भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. रागांची वेळ पाळणारी आपली परंपरा आणि तबकडीच्या दोन बाजू यांचा असा मेळ बसला, की सुमारे चाळीस मिनिटांत सूर्य उगवून मावळतो. मधला एखादा तुकडा काढून घेतला तर तो मधुर लागेल, परंतु दिवस अपुरा राहील. माल तोच असला तरी मांडणीने दुकानाची पत वाढते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

संगीत वाजवून झाले म्हणजे काम संपले, असेही नाही. चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण होई. त्यातून निवडलेला भाग लाखी लेपाच्या चकतीवर सुईने कोरला जाई. त्या चकतीवरून धातूचा साचा तयार होई आणि साच्याखाली तापलेले विनाइल दाबून तबकड्या निघत. एका बाजूस अधिक मिनिटे कोंबली तर खाचा अरुंद होतात व आवाज क्षीण होतो. म्हणून कोणती रचना किती लांब ठेवायची, हेही हिशेबानेच ठरे. स्टुडिओ, साचे, वेष्टन यांचा सारा खर्च आधी आणि विक्री नंतर. माल खपला नाही तर नुकसान कंपनीचे.

हा माल मात्र खपला, देशाबाहेरही गेला. बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन यांच्यासारख्यांनी तो आवडीने ऐकला. आज तोच अल्बम मोबाईलवर एका स्पर्शाने मिळतो. परंतु तबकडीच्या वेष्टनामागे जी नावे छापलेली असत, ती आज पडद्यावर बहुधा दिसत नाहीत. मुख्य कलावंत दिसतात. तबलजी, निर्माता, ध्वनिमुद्रक मागे पडतात. व्यापारात भागीदाराचे नाव खतावणीतून गाळणे आपण लबाडी मानतो. येथे ती लबाडी कोणी हेतुपुरस्सर करीत नाही. नोंद नीट न ठेवल्याने ती आपोआप घडते.

हे सांगण्याचे कारण आपल्या घरापर्यंत पोहोचते. तपाच्या पारण्याला किंवा वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ स्तवनांचा अल्बम काढण्याची हौस अनेक कुटुंबे करतात. भावना निर्मळ असते, परंतु चाल पुष्कळदा एखाद्या चित्रपटगीताची उचललेली असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा वाटा अधिक सुरक्षित केला. धार्मिक विधीत एखादे गीत म्हणणे वेगळे आणि तीच चाल ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध करणे वेगळे. दुसऱ्यास परवानगी आवश्यक असते. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान; ते वस्तूचे असते तसे चालीचेही असते.

म्हणून असे काम हाती घेताना थोडी व्यापारी शिस्त पाळावी. चाल नवी करून घ्यावी किंवा लेखी संमती मिळवावी. गायक, वादक, ध्वनिमुद्रक यांच्याशी मोबदला व हक्क यांचा साधा करार करावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा अक्षरांकांचा आयएसआरसी क्रमांक जपून ठेवावा आणि प्रसिद्ध करताना साथीदारांसह सर्वांची नावे भरावीत. मूळ ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. घरात आजीच्या आवाजाची जुनी कॅसेट असेल तर ती आधी संगणकावर उतरवून घ्यावी, कारण फीत झिजत जाते आणि तो आवाज पुन्हा मिळत नाही. त्या कॅसेटवर पेटी कोणी वाजवली, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर तेही विचारून लिहून ठेवावे.

आज रात्री संतूर लावाल तेव्हा शेवटचा पहाडी संपेपर्यंत मध्ये काही बदलू नका. मेंढपाळाचा दिवस पुरा होऊ द्या. आणि माणिकराव पोपटकर व जी. एन. जोशी ही दोन नावे घरातल्या मुलांना एकदा सांगा. खाते जुने असले तरी त्यांची बाकी अजून आपल्याकडे आहे.