२१ बाइटांचे बेज्जूर

प्राणहितेच्या पश्चिमेला, तेलंगणाच्या ऐन कडेला बेज्जूर आहे. पूर्वी हे आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ च्या पुनर्रचनेत आसिफाबादकडे गेले. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. लिनक्सच्या संगणकावर या गावाचे नाव देवनागरीत लिहून एका फाइलीत साठवावे. ब, त्याची मात्रा, ज, हलंत, पुन्हा ज, दीर्घ उकार आणि र अशी सात चिन्हे होतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून मजकूर भरतो २१ बाइटांचा. आता त्याच फाइलीबद्दल ‘डीयू’ या आज्ञेला विचारले, तर उत्तर बहुधा ४ के असे येते, म्हणजे ४,०९६ बाइट.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. डिस्क जागा सुटी देत नाही, ठरावीक मापाच्या ब्लॉकांत देते. लिनक्सवर नेहमी आढळणाऱ्या ईएक्सटी४ व्यवस्थेत हा ब्लॉक सहसा ४,०९६ बाइटांचा असतो. बेज्जूरने त्यातले २१ वापरले, तरी उरलेले ४,०७५ दुसऱ्या फाइलीला मिळत नाहीत. मजकूर किती लांब आहे याच्याशी डीयूला कर्तव्य नाही. डिस्कची किती जागा अडली, एवढेच ते सांगते, आणि त्याचे सगळे मोल या काटेकोरपणात आहे.

ही आज्ञा जवळजवळ युनिक्सइतकीच जुनी आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या बेल लॅब्समधल्या युनिक्सची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची. डीयू तिच्यात आहे. त्यांच्या पहिल्या पीडीपी-११ यंत्राची डिस्क होती ५१२ किलोबाइटांची. आज मोबाइलवरचा एक साधा फोटोही तिच्यात मावणार नाही. एवढ्या जागेत अनेकांनी मिळून काम करायचे, तर कोणी किती जागा अडवली हे रोज कळणे भागच होते. त्या वेळचे ५१२ बाइटांचे एकक मॅकवरच्या डीयूत अजून टिकून आहे. लिनक्सवरची ग्नू आवृत्ती १,०२४ बाइटांनी मोजते. त्यामुळे तेवढ्याच जागेचा आकडा मॅकवर दुप्पट दिसतो आणि नवखा माणूस चक्रावतो. ‘एच’ हा पर्याय जोडला की के, एम, जी अशी वाचता येणारी मापे मिळतात. ‘एस’ जोडला की फक्त एकूण बेरीज.

मोजणीची रीत फार सुंदर आहे. डीयू एकही फाइल उघडून वाचत नाही. प्रत्येक फाइलीची एक नोंद असते, तिला इनोड म्हणतात. तिच्यात फाइलीला दिलेल्या ब्लॉकांची संख्या लिहिलेली असते. डीयू फोल्डरात शिरते, त्यातल्या फोल्डरात, त्याच्याही आतल्या फोल्डरात, आणि या नोंदी बेरजेला घेत परत येते. सर्वांत आतल्या फोल्डरचा आकडा आधी आणि बाहेरच्याचा शेवटी छापला जातो तो यामुळेच. मुलांची बेरीज झाल्याशिवाय आईबापांची होणार कशी? दहा जीबीचा चित्रपट आणि बेज्जूरची २१ बाइटांची फाइल, दोन्हींना डीयूचे कष्ट जवळपास सारखेच. वेळ लागतो तो फाइलींच्या संख्येने. तीच आज्ञा लगेच पुन्हा दिली तर उत्तर झटकन येते, कारण इनोड आता स्मृतीत आलेले असतात.

एकाच फाइलीला दोन नावे असली, म्हणजे हार्ड लिंक असली, तर डीयू ती एकदाच मोजते. जुन्या मार्गदर्शिकेतही हे नमूद आहे. बेज्जूरच्या फाइलीच्या उलट प्रकारही घडतो. एक जीबी लांबीची पण आत काहीच न लिहिलेली ‘पोकळ’ फाइल बनवता येते. यादीत ती एक जीबीची दिसते, डीयू मात्र शून्य सांगते, कारण डिस्कने तिला अजून काहीच दिलेले नसते.

सर्वांत मोठा गोंधळ होतो तो डीयू आणि ‘डीएफ’ ही दुसरी आज्ञा यांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा. डीएफ जणू कचेरीतल्या वहीतून डिस्कची एकूण शिल्लक वाचते. डीयू तलाठ्याने पीकपाहणीला जावे तशी शेताशेतातून फिरते. चालू सर्व्हरची फुगलेली लॉग फाइल कोणी काढून टाकली, तर तिचे नाव जाते. पण सर्व्हरने ती उघडी धरली असेल तोवर तिचे ब्लॉक सुटत नाहीत. डीएफला डिस्क भरलेली दिसते, डीयूला ती फाइल सापडतच नाही. तो सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते.

डीयूची मर्यादा दिसते ती महासंगणकांवर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ‘अर्का’ हे महासंगणक आले. बेज्जूरसारख्या गावावर पडणाऱ्या पावसाचे अंदाजही अशाच यंत्रांवरच्या गणितातून निघतात, आणि त्या गणिताच्या फाइलींचे ढीग साठतात. महासंगणकांवरच्या लस्टरसारख्या साठवणुकीत एकेक फाइल अनेक सर्व्हरांवर वाटलेली असते. तिने नक्की किती जागा घेतली हे कळायला त्या सगळ्या सर्व्हरांना विचारावे लागते. अशा लाखो फाइलींवर डीयू सोडले तर ते तासन् तास चालते आणि इतरांची कामेही मंदावतात. म्हणून तिथे वापरकर्त्याने स्वतःच्या कोट्याचा आकडा विचारायचा असतो. तो व्यवस्थेने आधीच मांडून ठेवलेला असतो, आणि डीयू राखायचे ते एखाद्या संशयित फोल्डरपुरते.