‘सॉरी’ला हिब्रूत काय म्हणावे?

जेरुसलेमच्या गर्दीच्या बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला, तर तोंडातून सहज ‘स्लिखा’ निघते. पुढे सरकायला वाट हवी असली किंवा अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा असला, तरी हाच शब्द. पण ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, त्याला भेटून ‘स्लिखा’ म्हटले तर ऐकणारा चमकेल. त्या मृत्यूबद्दल बोलणारा क्षमा मागतो आहे, असा त्याचा अर्थ होईल. इंग्रजीला ही अडचण नाही. धक्का लागला काय आणि दुःखद वार्ता कळली काय, ‘आय अ‍ॅम सॉरी’ दोन्हीकडे चालते.

‘स्लिखा’चे मूळ क्षमेत आहे, आणि तेही साध्या क्षमेत नव्हे. बायबलच्या हिब्रूत या धातूचा कर्ता ईश्वरच असतो. माणसाने माणसाला क्षमा केल्याचे सांगण्यासाठी तो वापरलेला नाही. योम किप्पूरच्या प्रायश्चित्तदिनापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या क्षमायाचनेच्या प्रार्थनांना ‘स्लिखोत’ म्हणतात, ते याच शब्दाचे अनेकवचन. देवापुढचा शब्द असा बसथांब्यापर्यंत उतरला.

दोष आपला असो वा नसो, वाईट वाटते एवढेच सांगायचे, तर पुरुष ‘आनी मित्स्ताएर’ म्हणतो आणि स्त्री ‘आनी मित्स्ताएरेत’. ‘त्साआर’ म्हणजे दुःख. ते स्वतःला होते आहे, असा या क्रियापदाचा भाव. बोलणाऱ्याच्या लिंगानुसार रूप बदलते, याचे ‘मी आलो’, ‘मी आले’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला नवल वाटू नये. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलींना निदान हा धडा तरी घरचाच वाटला असेल. याहून गंभीर प्रयोग ‘त्सार ली’. ‘त्सार’चा एक अर्थ अरुंद, चिंचोळा, जीव कोंडल्याची ती भावना. योनाथानच्या मृत्यूवरील दावीदाच्या विलापात तो आढळतो. सांत्वनाला गेलेला माणूस मात्र बहुधा ‘मिश्तातेफ बेत्साआरखा’ म्हणतो, म्हणजे ‘तुमच्या दुःखात सहभागी आहे’. मराठी वृत्तपत्रांतील श्रद्धांजलीच्या चौकटींत शोभावे, असेच हे वाक्य.

दोषाची औपचारिक कबुली देणारा शब्द वेगळाच: ‘हितनात्सलूत’. त्याचे वजन किती, हे ‘मावी मार्मारा’ प्रकरणात दिसले. ३१ मे २०१० रोजी गाझाकडे निघालेल्या या जहाजावर इस्रायली कमांडोंनी केलेल्या कारवाईत नऊ जण ठार झाले. दहावा जखमी २०१४ मध्ये दगावला. तुर्कस्तानला माफी हवी होती, तर इस्रायलची तयारी ‘हाबाअत त्साआर’पुरती, म्हणजे खेद व्यक्त करण्यापुरती होती. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी समितीनेही २०११ च्या अहवालात खेदाचे निवेदनच सुचविले. तेवढ्याने तुर्कस्तानचे समाधान झाले नाही आणि इस्रायली राजदूताची अंकारातून पाठवणी झाली. अखेर २२ मार्च २०१३ रोजी बेंजामिन नेतान्याहू यांनी रेसेप तय्यिप एर्दोगान यांना दूरध्वनी केला. जीवितहानीस कारण ठरलेल्या चुकांबद्दल त्यांनी माफी मागितली. इंग्रजीतल्या ‘सॉरी’वर भागले असते, तर दोन्ही देशांना आपापल्या सोयीचा अर्थ काढता आला असता.