पुरात भिजलेला पासपोर्ट

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठची माणसे झोपेतच पाण्यात सापडली. आधी लेकरे अन् म्हातारी माणसे उंचावर नेली. कागदपत्रांची ट्रंक खालीच राहिली.

अशाच एका घरातला फिटर मुलगा आखाती देशात कामाला जाणार होता. आईने ओल्या पासपोर्टवर इस्त्री फिरवली. केले मायेनेच, पण फोटोवरचा थर सुरकुतला. वाचकहो, पासपोर्ट भिजला तर इस्त्री नको, चूल नको, कडक ऊनही नको. पानांमध्ये टिपकागद ठेवून सावलीत वाळवा. पुसट अक्षर पेनाने गिरवू तर मुळीच नका. पासपोर्टमधील नोंदीत फेरफार करणे हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याने गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

"चालून जाईल" म्हणून असा पासपोर्ट घेऊन विमानतळावर जाणे म्हणजे तिकिटाचे पैसे धोक्यात घालणे. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर 'री-इश्यू'चा अर्ज भरून खराब झाल्याचे कारण नोंदवावे. सोबत कसा भिजला हे सांगणारे प्रतिज्ञापत्र, पत्त्याचा व जन्मतारखेचा पुरावा आणि तोच भिजलेला पासपोर्ट न्यावा. तो फेकू नका. तलाठ्याने पंचनामा केला असेल तर त्याची प्रतही जवळ असू द्या. नाव, क्रमांक वाचता येत असेल आणि फोटो शाबूत असेल तर तात्काळमध्ये अर्ज करता येतो. ओळखूच येत नसेल तर नाही.

शुल्क मात्र जड आहे. ३६ पानी पासपोर्टला ३,००० रुपये; साध्या नूतनीकरणाच्या दुप्पट. पुरात माणसाचा काय दोष? २०१८ च्या केरळच्या पुरानंतर परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी भिजलेले पासपोर्ट मोफत बदलून देण्याचे जाहीर केले होते. पूर येताच अशी मागणी वस्तीवस्तीतून झाली पाहिजे.

मुलगा दहावी पास असेल तर सनद जोडायला विसरू नका. नाहीतर पासपोर्टवर 'ईसीआर' राहते आणि आखातात नोकरीला जाताना वेगळी परवानगी काढावी लागते. व्हिसा जुन्या क्रमांकावर निघाला असेल तर नवा क्रमांक मालकाला लगेच कळवावा.

त्या घरात आता कागद ट्रंकेत नसतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या फळीवर ठेवतात.