भिंत पाडण्यापूर्वी

शहरातील सदनिका बहुधा लहान असते आणि खोल्यांमधील भिंतींमुळे ती आणखीच लहान भासते. खिडकीतून आलेला प्रकाश पलीकडच्या खोलीत पोहोचत नाही. वारा आत येतो, पण बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळे खेळत नाही. म्हणूनच जुन्या घराचे नूतनीकरण करताना मधली भिंत काढून घर मोकळे करावे, असे अनेकांना वाटते. ही इच्छा रास्त आहे. मात्र भिंतीवर पहिला घाव घालण्यापूर्वी तिचे काम काय आहे, हे जाणून घेणे अगत्याचे असते.

भिंती दोन प्रकारच्या असतात. भारवाहक भिंत वरच्या मजल्यांचा भार पेलून पायापर्यंत पोहोचवते. अनेक जुन्या इमारती अशाच भिंतींवर उभ्या आहेत. याउलट काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत खांब आणि तुळया भार उचलतात. मधल्या विटांच्या भिंती आडोशापुरत्या असतात. अशी भिंत सहसा काढता येते. परंतु नुसती जाडी पाहून हा भेद ओळखता येत नाही. अलीकडच्या काही उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंती आणि छत एकसंध घडवतात. तेथे पातळ दिसणारी भिंतही भार वाहत असते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपात दूरच्या अहमदाबादेतही अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. वाहने ठेवण्यासाठी तळमजला भिंतींविना मोकळा सोडलेला असणे, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला त्या मानाने दुबळा, अशी त्यांची स्थिती झाली होती. आडोशाची भिंतही भूकंपाच्या धक्क्यात इमारतीच्या वर्तनावर परिणाम करते, हा यातील धडा होय. म्हणून मूळ आराखडा संरचना अभियंत्यास दाखवणे, तसेच गृहनिर्माण संस्था आणि महानगरपालिका यांची आवश्यक ती परवानगी घेणे, हा केवळ उपचार नव्हे. सदनिका एका कुटुंबाची असली, तरी तिला उभे ठेवणारा सांगाडा सर्वांचा असतो.

भिंतीप्रमाणेच फरशीचाही विचार करावा लागतो. राजस्थानातील कोटा किंवा कर्नाटकातील शहाबाद येथील दगड थंड, टिकाऊ आणि डोळ्यांना सुखावणारा असतो. पण २५ मिलिमीटर जाडीची दगडी फरशी दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीत बसवली, तर तिचेच वजन सुमारे ६०० किलो भरते. खालच्या मसाल्याचा भार निराळा. जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवल्यास हा सारा भार छतावर अधिकचा पडतो.

नैसर्गिक साहित्याचा स्वभाव ओळखूनच ते वापरावे. कोटा, शहाबाद आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत. लिंबाचा रस किंवा चिंचेचे पाणी सांडून राहिले, तर त्यांवर डाग पडतो. त्यामुळे ओट्यासाठी ग्रॅनाइट अधिक सोयीचा. चुन्याचा गिलावा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो. तेथे घाई उपयोगी नाही. त्यातून बाष्प बाहेर पडू शकते, पण नळाची गळती तो थांबवू शकत नाही. ती आधी दुरुस्त करावी लागते. बांबूतील पिष्टमय द्रव्यामुळे त्याला भुंगा लागतो, म्हणून प्रक्रिया केलेला बांबूच घ्यावा. स्वयंपाकघर मोकळे केल्यास फोडणीचा धूर आणि वास घरभर पसरतो. त्यासाठी शेगडीच्या वर धूर बाहेर टाकणारा पंखा हवा.

अभियंत्याने भिंत काढण्यास नकार दिला, तरी निराश होण्याचे कारण नाही. छतापर्यंत पोहोचणारी कपाटे कमी करणे, खिडकीसमोरील अडगळ दूर करणे, दोन जागांमध्ये बांबूचा विरळ पडदा लावणे, भिंतींना फिकट रंग देणे, या साध्या उपायांनीही घरात उजेड आणि वारा येतो. त्यासाठी एकही वीट हलवावी लागत नाही आणि वरच्या मजल्यावरील कुटुंबाचीही झोप निश्चिंत राहते.