मोबिलिटी स्कूटर : जोडणी, वापर आणि चार्जिंग

मोबिलिटी स्कूटर म्हणजे चालणे अवघड झालेल्या माणसासाठीची, विजेवर चालणारी, एकाच माणसापुरती तीन किंवा चार चाकी गाडी. पुढे उभा दांडा आणि त्यावर हँडल, मध्ये पाय ठेवण्यापुरती सपाट फळी, मागे फिरती खुर्ची, खुर्चीखाली बॅटऱ्या आणि मागच्या आसाला जोडलेली मोटर, एवढाच तिचा संसार. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲलन थीम यांनी १९६८ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या एका नातलगासाठी अशी गाडी तयार केली आणि तिला ‘अमिगो’ हे नाव दिले. पुढच्या काळात मोटरी, बॅटऱ्या आणि नियंत्रक खूप सुधारले. मूळ मांडणी मात्र तीच राहिली.

ही गाडी सगळ्यांसाठी नाही, हे दुकानात क्वचितच सांगितले जाते. आधाराने का होईना उभे राहता येणे, चार पावले टाकून खुर्चीत बसता येणे, बसल्यावर कमरेत तोल सावरता येणे आणि दोन्ही हात हँडलपर्यंत नेता येणे, इतके तरी लागते. ज्याला हे जमत नाही त्याला जॉयस्टिकवर चालणारी व्हीलचेअरच योग्य. नजरही चांगली हवी. ब्रिटनमध्ये अशा गाडीच्या चालकाला १२.३ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता यावी, अशी अपेक्षा असते. गुडघे दुखतात पण हात, नजर आणि डोके शाबूत आहे, अशा माणसाला ही गाडी सर्वांत जास्त उपयोगी पडते.

ब्रिटनमध्ये या गाड्यांचे दोन वर्ग आहेत. एक ताशी ४ मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर वेगाचा आणि फुटपाथवर चालणारा. दुसरा ताशी ८ मैलांपर्यंत जाणारा, रस्त्यावर नेता येणारा आणि नोंदणी करावी लागणारा. घरात, लिफ्टमध्ये आणि मोटारीच्या डिकीत मावणाऱ्या छोट्या गाड्या पहिल्या वर्गात येतात. त्यांची लांबी एक मीटरच्या आसपास आणि रुंदी साधारण अर्धा मीटर असते. मोठ्या गाड्या सव्वा ते दीड मीटरपर्यंत जातात. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतीत राहणाऱ्याने गाडी पाहायला जाण्याआधी लिफ्टचा दरवाजा आणि आतली खोली टेपने मोजलेली बरी. लिफ्टमध्ये गाडी वळत नाही. सरळ आत जायचे आणि रिव्हर्स घेत बाहेर यायचे, हाच क्रम.

छोटी गाडी बहुधा खोक्यात चार-पाच सुट्या भागांत येते: पुढचा भाग, मोटरसह मागचा भाग, बॅटरीची पेटी, खुर्ची आणि सामानाची टोपली. जोडायला पाना लागत नाही. मागचा भाग जमिनीवर सपाट ठेवायचा, पुढच्या भागाची वाकडी नळी त्याच्या खाचेत अडकवायची आणि हळूहळू खाली दाबायची. दोन्ही भाग सरळ रेषेत आले की खिट्टी ‘खट्’ आवाज करून बसते. आवाज आला नाही तर ती बसलेली नाही, असे समजून हँडलचा दांडा धरून पुढचे टोक थोडे उचलून पाहावे. मग बॅटरीची पेटी वरून खाली सोडायची. तिच्या तळाचे पितळी टोक गाडीच्या टोकावर नीट बसले की वेगळी वायर जोडावी लागत नाही. शेवटी खुर्ची तिच्या खांबावर बसवायची आणि डावी-उजवी फिरवून ती ठरावीक जागी अडकते का ते बघायचे. कॅटलॉगात ‘सर्वांत जड भाग’ म्हणून जो आकडा असतो, तो गाडीच्या एकूण वजनापेक्षा महत्त्वाचा. मागचा भाग अनेकदा १५ किलोच्या पुढे जातो आणि डिकीच्या काठावरून आत टाकताना तो कंबरेवर येतो. सत्तरीतल्या नवऱ्याने सत्तरीतल्या बायकोसाठी हा भाग रोज उचलायचा असेल, तर घडी होणारी हलकी गाडी महाग असली तरी परवडते.

गाडी जोडून झाली की ती माणसाच्या मापाची करायची असते, आणि इथे घाई केली की पुढे पाठ आणि खांदे बोलायला लागतात. खुर्चीच्या खांबाला भोके असतात. पिन काढून उंची कमी-जास्त करता येते. तळपाय फळीवर पूर्ण टेकलेले आणि मांड्या आडव्या असल्या की उंची बरोबर. उंच खुर्चीवरून उठणे सोपे जाते, पण गाडीचा तोल तेवढाच वर जातो, म्हणून दोन्हींचा मेळ घालावा लागतो. हात ठेवायच्या दांड्या बाहेर-आत सरकतात आणि वर उचलताही येतात. हँडलचा दांडा आपल्याकडे ओढून अशा जागी पक्का करायचा, की पाठ टेकलेली असताना कोपर किंचित वाकलेले राहील. उतरताना खुर्चीखालची दांडी ओढून खुर्ची बाजूला वळवायची, ती अडकल्याची खात्री करायची आणि मगच पाय खाली ठेवायचे. हे सगळे किल्ली बंद करून. उतरणाऱ्याचा हात आधारासाठी नेमका हँडलवर जातो आणि गाडी चालू असेल तर ती पुढे सरकते.

या यंत्राचा खरा स्वभाव ब्रेकमध्ये आहे. सायकल किंवा दुचाकी स्वतःहून गडगडते, ब्रेक दाबल्यावर थांबते. मोबिलिटी स्कूटरचे नेमके उलटे. मोटरच्या मागे स्प्रिंगच्या जोराने सतत आवळलेला ब्रेक असतो. अंगठ्याने हँडलखालचा लिव्हर दाबला की विद्युतचुंबकात करंट जातो, चुंबक स्प्रिंगला मागे खेचतो, ब्रेक सुटतो आणि गाडी निघते. कान देऊन ऐकले तर निघण्याआधी मागून बारीक ‘टक्’ ऐकू येते. लिव्हर सोडला की नियंत्रक आधी मोटरकडूनच वेग उतरवून घेतो, गाडी थांबते आणि दुसरे ‘टक्’ येते. वीज गेली, बॅटरी संपली, वायर तुटली, काहीही झाले तरी ब्रेक लागतो. म्हणून चढावर मध्येच थांबले तरी गाडी मागे जात नाही. आणि म्हणूनच चालत्या गाडीची किल्ली कधी फिरवू नये: तेव्हा हळूहळू थांबणे राहत नाही, ब्रेक एकदम आवळला जातो आणि बसलेला माणूस हँडलवर आदळतो.

या व्यवस्थेला एकच अपवाद आहे. मोटरजवळ एक लहान लिव्हर असतो, बहुधा पिवळा किंवा लाल. तो फिरवला की मोटर किंवा ब्रेक चाकांपासून सुटतो आणि बंद पडलेली गाडी हाताने ढकलता येते. त्या अवस्थेत गाडीला कोणताही ब्रेक नसतो. उतारावर, आणि त्यातही माणूस बसलेला असताना, या लिव्हरला हात लावायचा नाही. लिव्हर तसाच राहून गेला तर किल्ली फिरवल्यावर गाडी नुसती बीप करते, हलत नाही. घरी मेकॅनिकला बोलावण्याआधी ही एक गोष्ट बघून घ्यावी. कित्येकदा त्याला बोलावण्याची गरजच पडत नाही.

चालवणे तसे सोपे. बहुतेक गाड्यांत हँडलखाली दोन्ही बाजूंना पंखासारखा एकच लिव्हर असतो. उजवी बाजू दाबली की पुढे, डावी दाबली की मागे. ज्याचा उजवा हात अर्धांगवायूने अधू झाला आहे त्याच्यासाठी पुष्कळ मॉडेलांत ही बाजू उलटी करून घेता येते, मात्र ते विक्रेत्याच्या माणसाकडूनच करावे. वेगाची मर्यादा ठरवणारी गोल बटणे अनेकदा कासव आणि सशाच्या चित्रांची असतात. घरात, लिफ्टमध्ये, गर्दीत आणि मागे घेताना कासवच बरे. वळणावर वेग आधी कमी करायचा, मग वळायचे. तीन चाकी गाडी थोड्या जागेत वळते पण वेगात वळताना कलंडण्याची शक्यता तिचीच जास्त. चार चाकी स्थिर असते पण वळायला जागा मागते.

चढ-उताराला नेहमी सरळ सामोरे जायचे, तिरपे नाही. चढताना किंचित पुढे झुकावे, उतरताना वेगाचे बटण आधीच खाली आणावे. फुटपाथच्या कडेवरही काटकोनातच चढावे. छोट्या गाड्यांना पाच सेंटिमीटरच्या आसपासची उंची झेपते, मोठ्यांना दहापर्यंत. त्यापुढे पुढची चाके चढतात आणि गाडीचे पोट मध्येच टेकते. आपल्याकडच्या गतिरोधकांवर छोटी गाडी याच कारणाने अडकते, तिचे पोट रस्त्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर वर असते. उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि गटाराच्या जाळ्या या आणखी दोन गोष्टी. रॅम्पसाठी भारतातल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत १:१२ हे प्रमाण आहे: १५ सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या म्हणजे ३० सेंटिमीटर उंची, त्यासाठी तीन मीटर साठ सेंटिमीटर लांबीचा रॅम्प हवा. सोसायट्यांत तेवढ्याच उंचीला दीड मीटरात सिमेंट ओतून मोकळे होतात. असा रॅम्प चढताना गाडीची मागची छोटी आधारचाके जमिनीला घासतात, आणि ती नसती तर गाडी मागे उलटली असती.

गाडी किती किलोमीटर जाते, या प्रश्नाला कॅटलॉग देतो ते उत्तर सपाट फरशी, नवी बॅटरी आणि मध्यम वजनाचा माणूस धरून दिलेले असते. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे ते दोन तृतीयांश अंतर धरावे. पोट सुटलेला माणूस, टोपलीत भाजी, हवा कमी झालेली चाके आणि चढ, यातली प्रत्येक गोष्ट अंतर खाते. हँडलवरचा बॅटरीचा काटाही जपून वाचावा. चढावर मोटर जास्त करंट ओढते, व्होल्टेज खाली येते आणि काटा लाल भागात जातो; सपाटीला लागल्यावर परत वर येतो. खरा अंदाज थोडे अंतर सपाट चालवल्यावरच येतो. सकाळी नुकती चार्जरवरून काढलेली गाडी नेहमीच भरलेली दिसते.

बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. घडी होणाऱ्या हलक्या गाड्यांत लिथियम असते. लेड-ॲसिड बॅटरी भरण्याची एक चाल असते. आधी चार्जर ठरावीक करंट ढकलत राहतो, तोपर्यंत व्होल्टेज चढत चढत २९ च्या जवळ येते. मग तो व्होल्टेज धरून ठेवतो आणि बॅटरी स्वतःहून घेते तेवढाच करंट देतो. हा करंट हळूहळू उतरत जातो. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला म्हणूनच फार वेळ लागतो. दोन तासांत काढून नेलेली बॅटरी चालते, पण रोज असेच केले तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर घट्ट होत जातो आणि एक दिवस ती भरलेली दाखवते पण गल्लीच्या टोकापर्यंत जात नाही. वापर झाला, मग तो दहा मिनिटांचा का असेना, की त्या रात्री चार्जिंगला लावायची आणि दिवा हिरवा होईपर्यंत काढायची नाही. नवी गाडी पहिल्यांदा फिरवण्याआधीही ती रात्रभर भरून घ्यावी. बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मग भरावी, हा जुन्या निकेल-कॅडमियम काळातला सल्ला लेड-ॲसिडचे नुकसानच करतो.

क्रम असा: किल्ली बंद, चार्जरचा तीन पिनांचा गोल प्लग गाडीच्या सॉकेटमध्ये, मग भिंतीवरचे बटण. चार्जिंग चालू असताना बहुतेक गाड्या मुद्दामच चालत नाहीत, म्हणजे वायर ओढत कोणी निघणार नाही. साधारण २ ते ५ ॲम्पियरचा चार्जर दीडशे-दोनशे वॉटच्या आतच वीज घेतो. त्याला घरातला साधा लहान सॉकेट पुरतो. २४ व्होल्ट, २० ॲम्पियर-अवरच्या बॅटऱ्या म्हणजे ४८० वॉट-अवर. गळती धरूनही पाऊण युनिटच्या आत काम होते. पार्किंगमध्ये चार्जिंगला परवानगी मागणाऱ्याने हा हिशेब सोसायटीच्या कमिटीपुढे ठेवावा. मुलाने अमेरिकेहून पाठवलेली गाडी असेल तर चार्जरचे लेबल आधी वाचावे. ‘१००-२४०’ लिहिले असेल तर फक्त पिन बदलावी लागते; ‘११०-१२०’ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो लावताच जळेल. लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला किंवा उलट लावू नये, दोन्हींची शेवटची व्होल्टेजे वेगळी असतात. चार्जरवर कपडा टाकू नये, तो गरम होतोच. आणि जिन्यात किंवा बाहेर पडायच्या एकमेव दरवाज्याशी गाडी चार्जिंगला लावू नये. लिथियमला आग लागली तर वाट तीच बंद होते.

सहा महिने मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांच्या गाड्या घरी पडून राहतात आणि परतल्यावर हमखास बंद मिळतात. बंद गाडीचा नियंत्रकही थोडा करंट खात असतो, आणि उकाड्यात बॅटरी स्वतःहूनही लवकर उतरते. निघताना पूर्ण भरून बॅटरीची जोडणी काढून ठेवावी आणि शेजाऱ्याला महिन्यातून एकदा चार्जर लावायला सांगावे. विमानात गाडी न्यायची असेल तर एक आकडा लक्षात ठेवायचा: काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंतच चालते, किंवा दोन असतील तर प्रत्येकी १६०. अनेक हलक्या गाड्यांच्या बॅटऱ्या २८०-२९० च्या आसपास असतात, त्या याच मर्यादेमुळे. परवानगी मात्र विमान कंपनीकडून तिकिटासोबतच घ्यावी.

लेड-ॲसिड बॅटऱ्या नेहमीच्या वापरात दीड-दोन वर्षांत थकू लागतात, आणि उन्हात तापणाऱ्या पार्किंगमध्ये त्याहून लवकर. चार्जर काढल्यावर काही तासांनी दोन्हींचे मिळून २५.५ व्होल्टच्या आसपास असायला हवे; रोज पूर्ण भरूनही ते २४ च्या जवळ येत असेल तर बदलायची वेळ झाली. एकच खराब असली तरी दोन्ही एकदम बदलाव्यात, नाहीतर जुनी नवीलाही लवकर खाली ओढते. उतरवलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत द्याव्यात; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.