मित्रकीटकांचा कामगंध आणि पीकसंरक्षण

उसावरील खोडकीड व कपाशीवरील बोंडअळी यांच्या बंदोबस्तासाठी ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाची कार्डे शेतात लावण्याची पद्धत शेतकरी बंधूंच्या परिचयाची आहे. हा कीटक गांधीलमाशीच्या वर्गातील असून त्याची लांबी एक मिलिमीटरहूनही कमी असते. मादी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. त्यामुळे पतंगाच्या अंड्यातून अळी बाहेर न पडता सुमारे आठ-दहा दिवसांत नवा मित्रकीटक बाहेर पडतो. हे कार्य पुढील पिढीतही चालू राहणे नर-मादीच्या मीलनावर, आणि मीलन गंधावर अवलंबून असते.

मीलनाचे महत्त्व

या कीटकांत सामान्यतः फलित अंड्यापासून मादी व अफलित अंड्यापासून नर निपजतो. मीलन न झालेली मादीही अंडी घालते. परंतु त्यांतून केवळ नरच निपजतात. नरास अंडी घालण्याची सुई नसल्याने किडीचा नाश करण्याच्या कामी त्याचा उपयोग होत नाही. म्हणून मीलन चुकले म्हणजे पुढील पिढीत किडीची अंडी नष्ट करणाऱ्या माद्यांची वाण पडते.

गंधाची भाषा

ट्रायकोग्रामाचे नर बहुधा माद्यांच्या थोडे आधी बाहेर पडतात व तेथेच थांबतात. मादीच्या अंगच्या कामगंधाने नर तिला ओळखतो व आपल्या मिशांनी स्पर्श करून तिचा अनुनय करतो.

माश्यांच्या कोषांवर जगणाऱ्या नासोनिया या परोपजीवी कीटकात हा व्यवहार अधिक स्पष्ट दिसतो. त्याचा नर जमिनीवर कामगंध सोडतो आणि त्या वासाने कुमारी मादी जवळ येते. नर तिच्या पाठीवर चढून वारंवार मान डोलावतो व आपल्या मुखातील द्रव्याचा गंध तिच्या मिशांपाशी पोचवितो. मादीने मिशा खाली झुकविल्या म्हणजे तिची संमती समजावी. मीलनानंतर नराच्या गंधाचे तिला आकर्षण उरत नाही व ती कोषांच्या शोधास मोकळी होते.

शत्रूचा गंधही उपयोगी

किडीच्या गंधावरूनही हे कीटक भक्ष्याचा माग काढतात. पतंगाच्या पंखांवरून गळलेल्या खवल्यांचा वास आला की ट्रायकोग्रामाची मादी तेथे थांबून अंडी शोधू लागते. कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराचा नर मीलनाच्या वेळी मादीस बेंझिल सायनाइड हे द्रव्य देतो. त्यामुळे इतर नर तिच्यापासून दूर राहतात. परंतु ट्रायकोग्रामाची एक जात नेमका हाच वास ओळखून त्या फुलपाखराच्या अंगावर स्वार होते व त्याने अंडी घालताच खाली उतरून ती हस्तगत करते. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी हे २००५ साली प्रसिद्ध केले.

औषधांपासून धोका

कीटकनाशकाने मित्रकीटक मरतात, हे सर्वज्ञात आहे. परंतु मेला नाही म्हणजे तो सुरक्षित राहिला, असे समजणे चुकीचे होय. फ्रान्समध्ये १९९० नंतरच्या दशकात झालेल्या प्रयोगांत, डेल्टामेथ्रिनच्या प्राणघातक नसलेल्या अल्प मात्रेनेही ट्रायकोग्रामा नरांचा मादीच्या कामगंधास मिळणारा प्रतिसाद मंदावल्याचे आढळून आले. कीटक जिवंत दिसतो, पण त्याचा वंश वाढत नाही. आणि कार्डांवर केलेला खर्च वाया जातो.

घ्यावयाची काळजी

१. कार्डावर दिलेल्या मुदतीपूर्वीच ते शेतात लावावे.

२. कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूस, सारख्या अंतरावर लावाव्यात. हा कीटक फार दूर जात नाही.

३. कार्डे सकाळी लवकर किंवा सायंकाळी लावावीत. कडक ऊन, पाऊस व मुंग्या यांपासून त्यांचे रक्षण करावे.

४. कार्डे लावण्यापूर्वी व नंतर काही दिवस विषारी औषधे फवारू नयेत. फवारणी अटळ असल्यास आधी कृषी खात्याच्या कार्यकर्त्याचा सल्ला घ्यावा.

५. शेजारच्या शेतातील फवारणीचे औषध वाऱ्याने उडून येते. म्हणून शेजाऱ्यांनी दिवस ठरवून एकविचाराने काम करणे अगत्याचे आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कार्डे वाटताना या गोष्टी शेतकऱ्यांना समजावून द्याव्यात. एका पिढीत सोडलेले मित्रकीटक पुढील पिढीतही उपयोगी पडले, तरच या उपायाचे पूर्ण फळ पदरात पडेल.